कुमुशायच्या गालांचा रंग

आमच्यात सुनेनं सासरच्या पुरुषांची नावं तोंडानं घ्यायची नसतात. थोरला असो की धाकटा, त्याला एक टोपणनाव ठेवायचं आणि जन्मभर त्याच नावानं हाक मारायची. माझ्या धाकट्या दिराचं खरं नाव एसेनकुल. लिहायला बंदी नाही म्हणून लिहिलं. मी मात्र त्याला पहिल्या दिवसापासून चकमकभावजी म्हणते. लग्न होऊन मी नारिन या डोंगरातल्या गावात आले, दारात पाऊल टाकलं, आणि या प्राण्यानं माझ्या डोळ्यांपुढे असा काही फ्लॅश उडवला की सासूबाई समजून मी शेजारणीला वाकून नमस्कार केला. शेजारीण अजून ऐकवते.

आता भावजीची चाळिशी उलटलीय. केस मागे सरकलेत, पोट पुढे आलंय. बाजाराच्या टोकाला, चांभाराचं दुकान आणि पाववाली यांच्या मधे त्याचा स्टुडिओ आहे. बरीच वर्षं लग्न तेवढं झालं नव्हतं. मुली दाखवल्या नाहीत असं नाही. पण मुलगी समोर बसली की हा तिच्याकडे माणसासारखा बघायचाच नाही. "हनुवटी जरा खाली घ्या," म्हणायचा. एकीला तर म्हणाला, "तुमच्या डाव्या डोळ्याखाली सावली पडते, पण घाबरू नका, घालवता येते." ती चहा न पिता उठून गेली. सासूबाईंनी त्या दिवशी त्याच्या डोक्यात लाटणं घालायचं तेवढं बाकी ठेवलं.

धंद्यात मात्र त्याचा हात धरणारा नारिनमध्ये दुसरा नव्हता. आमच्याकडचं वारं तुम्हाला माहीत नाही. डोंगरावरून उतरतं ते चामडी सोलत उतरतं. पाळण्यातल्या पोरापासून सगळ्यांच्या गालांवर दोन लाल चकत्या असतात, आणि जो तो स्टुडिओत आला की त्या झाकायला बघतो. "भाऊ, हे तेवढं काढून टाका हो. राजधानीतल्या बायका बघा कशा गोऱ्या दिसतात." मग भावजी पांढरी मोठी छत्री ग्राहकाच्या तोंडाशी आणायचा, तिच्यात फ्लॅशचा सगळा जोर सोडायचा, आणि त्या लखलखाटात गाल विरघळून जायचे. उरलंसुरलं कॉम्प्युटरवर पुसायचा. सगळं नारिन सोललेल्या उकडलेल्या अंड्यांसारखं घराघरांतल्या भिंतींवर टांगलेलं आहे. लोक खूश, भावजीही खूश.

आणि अशात कुमुशाय आली.

कुमुशाय म्हणजे सोनकोलच्या कुरणावर घोड्या राखणारी बाई. उन्हाळाभर तिकडे वर नमद्याच्या, म्हणजे जाड थापलेल्या लोकरीच्या, तंबूत राहते, घोड्यांचं दूध काढते, कातडी पखालीत घुसळून कुमिस आंबवते. अंगानं उंच, आवाज असा की या डोंगरावरून हाक मारली तर त्या डोंगरावरचं घोडं मान वळवतं. लग्न केलं नाही. तरुणपणी दोघं टगे जीप घेऊन तिला पळवून न्यायला आले होते. संध्याकाळी ते चालत घरी गेले आणि जीप हिच्या तंबूपुढे उभी राहिली. तेव्हापासून कुणी वाटेला गेलं नाही.

त्या वर्षी जनावरांच्या मेळाव्यात तिच्या कुमिसचा पहिला नंबर आला. चौकात जो मानाचा फलक आहे, नामी डॉक्टर, मास्तरीण, मेंढपाळ यांचे मोठे रंगीत फोटो लावतात तो, त्यावर तिचा फोटो लागणार होता. फोटो काढायचं काम अर्थातच भावजीकडे आलं.

मी त्या दिवशी पाववालीकडे गेले होते म्हणून मला सगळं दिसलं. कुमुशाय स्टुलावर बसलेली. अंगाला घोड्याचा आणि धुराचा वास. गालांवर मेंढीच्या शेपटाची चरबी चोळलेली, वाऱ्यासाठी. भावजी फ्लॅशवर फ्लॅश मारतोय, कॅमेऱ्याच्या मशीनमधे बघतोय, पुन्हा मारतोय, घामाघूम झालाय.

शेवटी तीच म्हणाली, "भाऊ, त्या नळीचं झाकन काढायचं असतंय का तसंच असतंय?"

लेन्सचं झाकण लावलेलंच होतं.

तेव्हाच मी ओळखलं. घरी आल्यावर त्यानं जेवायला घेतलं आणि ताटाकडे बघत बसला.

"वहिनी."

"काय?"

"ती हसते ना, तेव्हा आधी गाल हसतात. ओठांना नंतर कळतं."

"भावजी, मटण निवतंय."

"निवू दे."

मटण निवू दे म्हणणारा माणूस मी आमच्या घरात पहिल्यांदा पाहिला. आमच्या ह्यांना कोपरखळी मारली, तर हे म्हणाले, "मग मला वाढ."

आता बघा, माणूस प्रेमात पडला की जे येतं ते जास्तच करायला जातो. भावजीला येत होतं ते एकच. त्यानं कुमुशायला गोरी केली. नुसती गोरी नाही, संगमरवरी केली. गाल गेले, नाकावरचे बारीक ठिपके गेले, कपाळावरच्या आठ्या गेल्या. मोठा फोटो करून, चौकटीत घालून, वर फडकं टाकून वाट बघत बसला. ती आली तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून तिथेच होते. त्यानं फडकं ओढलं.

कुमुशाय पुढे झाली. मागे झाली. बाजूनं बघितलं.

"ही कुनाची सासू?"

"तुम्हीच आहात," भावजी म्हणाला.

"म्या? मला काय पिठाच्या कणगीत लोळवलंय व्हय? अवो, माझ्या घोड्या मला वळखायच्या न्हाईत. अशी दिसाय लागले तर जवळसुदिक येऊ देनार न्हाईत, लाथ मारत्याल."

"सगळ्यांना असंच आवडतं..."

"सगळ्यांस्नी लावा की मग फलकावर!" ती दाराकडे निघाली, थांबली. "हे बघा. लागलं तर माझंच तोंड लागंल. न्हाईतर माझी घोडी लावा तिथं, दूध तिनंच दिलंय. म्या वर चाललेय. जमत असंल तर वर येऊन काढा, न्हाई जमत तर सांगा, राजधानीतनं कुनाला तरी बोलवत्याल."

ती गेली. पाववाली हसून हसून पावांवर पडली. भावजी स्टुलावर बसला, ती बसली होती त्याच स्टुलावर.

"वहिनी, मी तिला विचारणार होतो."

"काय विचारणार होतात?" मी म्हटलं. दिराचं जमवायचं काम आमच्यात वहिनीचंच, पण त्याच्या तोंडून वदवायला हवं ना.

"तेच की. लग्नाचं." कान लाल झाले त्याचे. "आता कुठल्या तोंडानं विचारू? माझ्यासमोर बसली होती आणि मला ती दिसलीच नाही. तिचा खरा फोटो जमला तर विचारीन. नाही जमला तर नाही विचारणार. जन्मात नाही."

"आणि राजधानीतला कुणी वर गेला तर?"

तो उठलाच.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते देवा! रोज संध्याकाळी जेवणाआधी एकेकाला धरून बसवायचा. गाल आमचेही लालच, त्यामुळे सरावाला तोटा नव्हता. छत्री काढून उघडा फ्लॅश मारला तर मी तुपानं माखलेल्या पातेल्यासारखी चकाकले. बाजूनं मारला तर आमचे हे कुणाचा तरी गळा दाबून आल्यासारखे दिसले. तोच फोटो ह्यांना फार आवडला, तो भाग वेगळा. सासूबाई एकदा गाजर झाल्या, एकदा वीट. "मला मेल्यावर तरी नीट काढ," म्हणाल्या.

पण हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडायला लागला. एकदा माझ्या गालाशी बोट नेऊन म्हणाला, "वहिनी, हा रंग फार भित्रा आहे. उजेड जास्त झाला की सगळ्यांत आधी हाच पळतो. आणि इतकी वर्षं मी ग्राहकांना सांगत होतो, फ्लॅशचा जोर म्हणजे दर्जा!" मग त्यानं जोर उतरवला, पण छत्री आणखी जवळ आणली. उजेड कमी, मऊ आणि सगळीकडून, कढत दुधावर साय धरते तसा. फ्लॅशच्या उजेडात एक करडा नमद्याचा तुकडा धरायचा, मशीनला आधी तो दाखवायचा. "मशीननं याला करडा म्हटलं ना, की मग ते तोंडाबद्दल खोटं बोलत नाही," म्हणायचा. एका संध्याकाळी त्यानं माझा फोटो दाखवला. मीच होते. वारं खाल्लेली, तरी बरी दिसणारी.

"आता चला," मी म्हटलं.

आमचे हे जीप चालवत, शेजारी फ्लॅशची बॅटरी मांडीवर घेतलेला भावजी, मागे मी आणि सासूबाई. सासूबाईंना का आणलं? कुमिससाठी. "पहिल्या नंबरचं आहे म्हणे, बघू तरी," म्हणून स्वतःच चढून बसल्या. फोटोच्या पलीकडचं त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं.

कुरणावर पोचलो तर अर्धं कुरण कुमुशायच्या तंबूशी जमलेलं. फोटोवाला येणार ही बातमी आमच्या आधी वर पोचली होती. मोठे मोठे वाडगे भरून कुमिस आलं. पाहुण्यानं वाडगा खाली ठेवला की यजमानीण भरणारच, आणि भावजीनं तो खाली ठेवायची चूक पुन्हा पुन्हा केली. कुमिस आंबट, थंड, थोडं चढतंही. उठला तेव्हा नाकाचा शेंडा चमकत होता.

"उजेड छान आहे," तो आभाळाकडे बघून म्हणाला. "बाहेरच काढू."

त्यानं पांढरी छत्री दांडीवर चढवली. सोनकोलचं वारं तिचीच वाट बघत होतं. छत्री उचलली गेली, दांडीसकट, आणि गवतावरून गडगडत सुटली. घोड्यांनी जन्मात असलं जनावर बघितलेलं नव्हतं. त्या उधळल्या. कुत्री छत्रीमागे, दोघं घोडेस्वार घोड्यांमागे, कुमुशाय शिव्या घालत सगळ्यांच्या मागे. बऱ्याच वेळानं शेजारच्या तंबूतला जुमादिल म्हातारा छत्रीच्या काड्या उलट्या धरून आला.

"लेका, ह्याचं कातडं कुत्र्यांनी खाल्लं."

"आता काय?" मी भावजीला विचारलं.

"आत काढू," तो काड्यांकडे बघत म्हणाला.

आत कुमुशायला मानाच्या जागी बसवली, दारासमोर, रचलेल्या रजयांपुढे. आमच्या सासूबाईंचाच आग्रह. "फलकावर लागणारा फोटो काय दाराशी बसून काढतात?" भावजीनं फ्लॅश वरच्या बाजूला वळवला, फोटो काढला, मशीनमधे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

मी डोकावले. बीट. अख्खी बाई बीट. कपाळ लाल, कान लाल, दातसुद्धा लाल. गाल तर त्या लालीत बुडूनच गेले होते, असून नसल्यासारखे.

"आता तर मला सोलून ठेवल्यागत केलंय," कुमुशाय म्हणाली. पण यावेळी बाजूला झाली नाही. "का व्हतंय असं?"

भावजीनं तंबूभर नजर फिरवली. भिंतीवरचं भरतकाम लाल, रजया लाल, सतरंजी लाल, वरून लोंबणारे गोंडे लाल. उजेड या सगळ्यांवर आपटून लाल होऊनच तिच्या तोंडावर येत होता. आमच्यात लाल म्हणजे सौभाग्य, लाल म्हणजे पैसाअडका, लाल म्हणजे पाहुण्याचा मान. तंबूत करडं-पांढरं ठेवायची कुणाची छाती आहे?

"पांढरं काहीतरी पाहिजे!" तो ओरडला. "मोठं, स्वच्छ! तिच्या चेहऱ्याजवळ धरायला!"

सगळे धावले. एकीनं पिठाचं पोतं आणलं, त्यावर हिरवी अक्षरं. एकीनं जेवणाचं कापड आणलं, त्यावर जर्दाळूच्या मुरंब्याचा नकाशा. जुमादिलनं आपली पांढरी टोपी काढून दिली, ती ताटलीएवढी. कुणीतरी एक पांढरी बकरी ओढत आणली आणि बकरीनं त्या मानाच्या जागीच लेंड्या टाकल्या.

"थांबा गं," सासूबाई म्हणाल्या. पिशवीत हात घातला आणि घडीसुद्धा न मोडलेला मोठा पांढराशुभ्र रुमाल बाहेर काढला. परगावी जायचं तर म्हाताऱ्या बायका असलं काहीतरी पिशवीत ठेवतातच, कुणाला द्यावं लागलं तर असावं म्हणून.

"हेच!" भावजीनं डोळा मशीनला लावला. "आई, उलगड. जवळ जा तिच्या. दोन्ही हातांनी धर."

सासूबाईंनी रुमाल उलगडला.

 मुलाच्या आईनं पांढरा रुमाल घेऊन बिनलग्नाच्या बाईच्या डोक्याकडे जाणं, याचा आमच्यात एकच अर्थ होतो. रुमाल डोक्यावर पडला की ती सून झाली. तंबूतल्या प्रत्येकाला ते माहीत, मशीनमागच्या माणसाला सोडून. त्याला नुसता उजेड दिसत होता.

"वर, आई. अजून वर! खालचं टोक तिच्या हनुवटीखाली लोंबू दे!"

बायकांनी वाडगे खाली ठेवले. बकरीनंही रवंथ थांबवलं.

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी काय करणार, मी भावजीकडे बघितलं. त्यांना त्या एका नजरेत सगळं कळलं. त्यांनी उजवं पाऊल पुढे टाकलं आणि "बिस्मिल्ला" म्हटलं.

"डोक्यापर्यंत ने, आई! संकोचू नकोस!" भावजी ओरडला.

कुमुशायनं मान वर केली. रुमाल पाहिला, सासूबाई पाहिल्या, मशीनमागचा माणूस पाहिला. आणि गळ्यापासून वर, हळूहळू, तिच्या खऱ्या गालांवर खरं रक्त चढलं.

"हलू नका! असंच! अगदी असंच!"

फ्लॅश झाला.

आणि सगळं एकदम फुटलं. जुमादिलनं दोन्ही तळवे तोंडावरून फिरवून "आमीन!" म्हटलं. बायकांनी समोरच्या ताटातल्या गोळ्या-खडीसाखर मुठी भरून उधळली, त्यातली एक टणकन भावजीच्या टकलावर बसली. तेव्हा त्यानं डोळा वर केला. आईच्या हातातला रुमाल पाहिला. तो कुठे आहे ते पाहिलं. आणि मशीन त्याच्या हातातून सुटलं, गळ्यात पट्टा होता म्हणून वाचलं.

कुमुशायनं सासूबाईंचं मनगट धरलं होतं. रुमाल तिच्या डोक्यावर पडायचा तेवढा बाकी होता.

"हे काय चाललंय?" तिनं भावजीला विचारलं.

"उजेड..." भावजी म्हणाला. "हनुवटीखाली... उजेड यायला..."

"निस्त्या उजेडासाठी?"

 मला राहवेना. "भावजी, आता तोंड उघडा, नाहीतर मी तुमचं नाव घेऊन हाक मारीन!"

"फोटो जमला तर विचारणार होतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "नसता जमला तर विचारणार नव्हतो."

"मंग जमला का?"

"बघितला नाही अजून."

"आन हिकडं."

ती मशीनवर वाकली. तिच्या मागे मी, माझ्या मागे अख्खं कुरण. लहानशा पडद्यावर कुमुशाय होती. गालांवरची लाली, तिच्यातल्या बारीक बारीक शिरांसकट. नाकावरचे ठिपके. एरवी डोक्याच्या फडक्याखाली झाकलेली कपाळाची फिकट पट्टी, आणि तिच्याखालचं रापलेलं तांबूस तोंड. हनुवटीखाली रुमालावरून आलेला मऊ उजेड. डोळ्यांत आश्चर्य, थोडा राग, आणि हसू निघायच्या बेतात, गालांपर्यंत आलेलं.

ती खूप वेळ बघत राहिली. 

"ही म्याच हाय," ती म्हणाली. मग मान न वळवता, "मंग इचारा की. का त्येबी तुमची आई इचारनार?"

भावजीनं टकलावरून हात फिरवला. "मला... मला घोडीचं दूध काढता येत नाही."

"ह्ये इचारनं झालं व्हय!"

तंबू हसून हलला. भावजी रडकुंडीला आला, मग तोही हसला, मग एका दमात म्हणाला, "कुमुशाय, माझ्याशी लग्न कराल का?"

"करंन," ती म्हणाली. "दूध काढाय शिकवीन. हिवाळ्यात म्या खाली येईन, उन्हाळ्यात तुमी वर या. पर येक सांगते, माझ्या डोस्क्यावर कुनी कायबी टाकायचं न्हाई." तिनं सासूबाईंच्या हातातून रुमाल अलगद काढून घेतला, झटकला आणि स्वतःच्या हातानं डोक्याला बांधला, घट्ट, मागे गाठ मारून.

"अगं, ते माझं काम!" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सासूनं माझ्या डोक्यावर टाकला होता, मी या थोरलीच्या डोक्यावर टाकला..."

"तुमी बसा, आई. दमला असाल. कुमिस घ्या."

त्या एका 'आई'वर सासूबाई विरघळल्या. वाडगा घेतला, एक घोट घेतला, आणि म्हणाल्या, "पहिला नंबर बरोबर दिलाय हो."

चौकातल्या फलकावर तोच फोटो लागला, रुमाल डोक्याला बांधायच्या आधीचा. फलकाच्या कमिटीतला एक जण म्हणाला म्हणे, "चेहरा जरा लाल वाटतोय, फिका करून घ्या." कुमुशाय स्वतः जाऊन त्याच्याशी बोलली. काय बोलली ते माहीत नाही. फोटो तसाच आहे.

पण त्या दिवसाचा आणखी एक फोटो आहे. सगळ्यांनी धरून भावजीला मशीनमागून ओढलं आणि कुमुशायच्या शेजारी मानाच्या जागी बसवलं. मशीन आमच्या ह्यांच्या हातात दिलं. रुमाल तर आता तिच्या डोक्यावर, धरायला पांढरं उरलं काय? ह्यांनी धाडकन फ्लॅश मारला. त्या फोटोत सगळा तंबू बिटासारखा लाल आहे. सासूबाई लाल, जुमादिल लाल, मी लाल, बकरी लाल, आणि मधे हे दोघं. त्यांच्यातलं कोण तंबूमुळे लाल आहे आणि कोण लाजून, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

भावजी तो फोटो कुणाला दाखवू देत नाही. कुमुशाय येईल त्याला दाखवते.